ढालक्षेत्रातील सोने व मॉलिब्डेनम यांचा शोध

खंडाचा अतिप्राचीन व स्थिर झालेला भाग म्हणजे ढालक्षेत्र होय. दक्षिण भारतातील अशा क्षेत्रात, कोलार व हट्टी येथे, लाव्हापासून बनून पुढे रूपांतरित झालेल्या खडकांतील गारगोटीच्या शिरांत सोने आढळते. एक टन खडकात ते बहुधा काही ग्रॅमच असते. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. ओढ्यांतील गाळाचे पृथक्करण करावे लागते, जुन्या खाणींच्या खुणा शोधाव्या लागतात आणि मग वेधन करून खोलवरचे नमुने काढावे लागतात. यांपैकी जुन्या खुणांचा माग कधी अनपेक्षित ठिकाणी पोहोचवतो. हट्टीच्याच रायचूर परिसरातील मस्की येथे १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन या अभियंत्याला अशोकाचा शिलालेख दिसला. ‘देवानांप्रिय’ म्हणजे अशोकच, या मताला त्यातील नामोल्लेखाने पुष्टी मिळाली.

मॉलिब्डेनमची अडचण निराळी आहे. तमिळनाडूतील हरूर भागात ते मॉलिब्डेनाइट या खनिजाच्या रूपात आढळते. हे खनिज मऊ, करडे व हुबेहूब ग्रॅफाइटसारखे दिसते. दोहोंतील भेद शेले यांनी १७७८ मध्ये दाखवून दिला. चिनी मातीच्या गुळगुळीत तुकड्यावर घासल्यास मॉलिब्डेनाइटची रेघ हिरवट उमटते, ग्रॅफाइटची मात्र काळसर.

स्वयंअध्ययन प्रश्न : सोन्याच्या शोधात जुन्या खाणींच्या खुणा का पाहतात?