फोटो माझा, माल भलत्याचाच

मी मोत्यांच्या नथी घडवते आणि घरबसल्या फोनवरून विकते. दुकान नाही की पाटी नाही, गिऱ्हाईक येतं ते फोटो बघून. तेच फोटो उचलून एका भलत्याच पेजने माझ्या नथी अर्ध्या किमतीत विकायला काढल्या आणि शिव्या मात्र मला बसू लागल्या.

नाशिकच्या एका बाईंनी तर मला बोलूच दिलं नाही. त्यांना मिळालेली नथ प्लास्टिकच्या मण्यांची, गोंदाने चिकटवलेली, खडा पाकिटातच गळून पडलेला. पैसे त्या पेजला गेले होते. पेजवाला फोन उचलेना, तेव्हा शोधता शोधता त्यांना तोच फोटो माझ्याकडे सापडला. "फोटो तुमचा, फोटोतला हात तुमचा, मग माल तुमचा नाही कसा?" त्यांच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं.

त्यांना १९३० वर फोन करायला सांगितलं. ऑनलाइन फसवणुकीसाठी ही सरकारी हेल्पलाइन आहे. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा जास्त. इकडे मी ॲपकडे कॉपीराइटची तक्रार केली. आपण काढलेल्या फोटोवर आपला हक्क असतो, त्याला कुठे नोंदणी लागत नाही. पुरावा म्हणून मूळ फोटो तेवढा फोनमध्ये जपून ठेवावा. पेज बंद झालं, आणि थोड्याच दिवसांत नवं नाव घेऊन त्याच फोटोंसह पुन्हा उभं राहिलं! फोटोवर आपलं नाव छापा, असा सल्ला जो तो देतो. जरूर छापा, पण त्यावर विसंबू नका. कोपऱ्यातलं नाव कापता येतं आणि मधलं पुसून देणारी ॲप फुकट मिळतात.

चोराकडे फोटो असतो, नथ नसते. माझी पुढची सगळी तजवीज मी यावरच बेतली. आता मी अर्धवट नथींचे व्हिडिओ टाकते: पक्कडीत तार, वाटीत मोती, एखादी फसलेली वळणाची जागा उसवतानासुद्धा. नवं गिऱ्हाईक बिचकतंय असं वाटलं, की मीच म्हणते, "ताई, चिठ्ठीवर काय लिहू ते तुम्ही सांगा." त्या सांगतील तो शब्द लिहून चिठ्ठी नथीशेजारी ठेवते आणि लगेच फोटो पाठवते. कुणी स्वतःच्या मुलीचं नाव सांगतं, कुणी ‘पुरणपोळी’. घेणाऱ्यांनीही कुठल्याही विक्रेत्याकडे असा फोटो बेलाशक मागावा. माल ज्याच्या हातात आहे त्याला तो काढायला दोन मिनिटं लागतात.

मालाच्या वर्णनात नुसतं ‘मोती’ लिहिलं, की घेणारी खरे मोती समजते, आणि लिहिणारीला ते पक्कं ठाऊक असतं. माझ्या बहुतेक नथी काचेच्या मोत्यांच्या आहेत, थोड्या गोड्या पाण्यातल्या संवर्धित मोत्यांच्या. दोन्हींचे भाव वेगळे, आणि कोणती नथ कशाची ते पहिल्याच ओळीत असतं. तार तांब्याची, वर सोनेरी मुलामा. घामाने आणि अत्तराने तो उतरत जाणार, हेही लिहिते. वाचून काहीजणी निघून जातात. जाऊ द्यावं. मुलामा उतरल्यावर चिडलेली बाई दहाजणींना सांगते, त्यापेक्षा हे परवडलं.

कानातली विकणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण. निकेल पुष्कळांना सोसत नाही, कानाची पाळी खाजते, चिघळते. वर्णनात ते स्पष्ट लिहा. चांदी विकत असाल तर ९२५ हा आकडा उगाच टाकू नका. त्याचा अर्थ हजारात ९२५ भाग चांदी. तेवढी आहे हे हॉलमार्कने किंवा निदान जिथून घेतली तिथल्या बिलाने दाखवता आलं पाहिजे.

मापाचं सोपं आहे. नथीशेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो काढा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. रुपयाचं नाणं नको. जुनं मोठं, नवं लहान, त्यातून भांडणंच होतात.

पैशांच्या बाबतीत मात्र विश्वास आपणही कुणावर टाकायचा नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतं, म्हणून खात्यात रक्कम दिसल्याशिवाय माझं पार्सल घराबाहेर पडत नाही. मला एकाने आपण लष्करात असल्याचं सांगून लग्नासाठी ढीगभर नथींची ऑर्डर दिली. भाव केला नाही, रंग विचारला नाही, आणि ‘पैसे घ्यायला’ म्हणून क्यूआर कोड पाठवला. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजावं, पैसे आपल्या खात्यातून चाललेत. (मापसुद्धा न विचारणारं गिऱ्हाईक मला तरी अजून भेटलेलं नाही.)

पार्सल बांधतानाचा व्हिडिओ मी ठेवते, कारण परत आलेल्या डब्यातून वेगळीच नथ निघण्याचे प्रकार होतात. गिऱ्हाइकाने डबा उघडतानाचा व्हिडिओ पाठवलाच पाहिजे अशी अट मात्र घालत नाही. पुष्कळजणी घालतात. मला ते घरी आलेल्या पाहुण्याचे खिसे तपासल्यासारखं वाटतं. कधीमधी एखादी नथ बुडते, ती मी खर्चात धरते.

आणि मैत्रिणींकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका. ग्राहक असल्याचं भासवून विक्रेत्याने अभिप्राय लिहिणं किंवा लिहवून घेणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत बसत नाही, आणि ते ओळखूही येतात: सगळे एकाच आठवड्यातले, सगळ्यांत ‘खूप सुंदर’. एखादी चिडलेली तक्रार खाली तशीच राहू द्यावी आणि तिच्याखाली आपण काय केलं ते लिहावं. मोती निसटल्याची तक्रार माझ्याकडे अशीच उघड आहे. खाली मी लिहिलंय की पाठवायचा खर्च तुमचा, दुरुस्ती आणि परतीचा खर्च माझा. नव्या बायका तीच आधी वाचतात, असं त्यांच्या प्रश्नांवरून कळतं.

गौरी-गणपतीच्या आधी ऑर्डर कधी बंद करणार ती तारीख ठळक लिहा, आणि त्यानंतर कुणी कितीही गळ घातली तरी ‘बघते, जमवते’ म्हणू नका. नथ हवी असते आवाहनाच्या दिवशी. विसर्जनाला पोचलेली नथ कितीही देखणी असली तरी परत येते.