सनद दलालाकडे, उमेदवार पडताळणीत

भरतीचा दलाल पैशांच्या आधी दहावी-बारावीच्या मूळ सनदा आणि कोरे धनादेश मागतो. प्रस्तुत लेखकाने लातूरच्या अभ्यासिकेत हे जवळून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या वडिलांनी रान गहाण टाकून उचल दिली, सनदाही दिल्या. यादीत नाव आलं नाही. पुढच्या भरतीत मात्र तोच मित्र स्वतःच्या अभ्यासावर निवडला गेला आणि कागदपत्र पडताळणीला त्याच्या फाईलमध्ये नुसत्या झेरॉक्स होत्या. ‘उरलेले पैसे द्या, मग सनदा,’ हे दलालाचं उत्तर. मुदत मागून, दुय्यम प्रती काढून त्याने ते निभावलं. घरच्यांची झोप मात्र उडाली होती.

असे व्यवहार एका घरापुरते राहत नाहीत.

किनवट तालुक्यातल्या मांडवीच्या एका तरुणाने डमी उमेदवारांच्या टोळीविरुद्ध तक्रार केली आणि पिच्छा सोडला नाही. परीक्षेला एक बसायचा, नोकरीवर दुसराच हजर व्हायचा. तपासात सरकारी नोकरीत असलेलेही अटकेत गेले. म्हणजे विकत घेतलेली नोकरी रुजू झाल्यावरही पक्की नसते.

31 ऑक्टोबर 2021 ला झालेल्या आरोग्य विभागाच्या गट ड परीक्षेचा पेपर फुटला. पुणे सायबर पोलिसांनी अटक केलेल्यांत लातूरच्या आरोग्य उपसंचालक कार्यालयातला अधिकारीही होता. ती भरती पुढे रद्द झाली, नवी जाहिरात आली ती 2023 मध्ये. रात्रीच्या एसटीने केंद्र गाठून प्रामाणिकपणे पेपर लिहिणाऱ्यांचीही दोन वर्षं गेली. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्यांना ती परवडणारी नव्हती. हा अन्याय सर्वांत मोठा.

म्हणून मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. आधीच दिले असतील, तर पोलिसांत लेखी तक्रार करून शाळेमार्फत दुय्यम गुणपत्रिकेसाठी अर्ज करा. नांदेड, लातूर, धाराशिवचं विभागीय मंडळ लातुरातच आहे. ऑनलाइन परीक्षेची उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका उतरवून ठेवा, चुकीच्या उत्तरावर मुदतीत हरकत घ्या. ‘सेटिंग’चा फोन आला तर नंबर, तारीख, मागितलेली रक्कम लिहून ठेवा. 2024 च्या राज्याच्या कायद्यात पेपर फोडणं आणि डमी बसवणं यांना 3 ते 5 वर्षांची कैद आहे.

आणि गावाकडच्या आईवडिलांनो, रान गहाण टाकण्याआधी एकदा मुलाला विचारा. बहुतेक वेळा त्याला अजून एक वर्ष अभ्यासच करायचा असतो.