स्वयंपाक आणि फासे

‘रोज मरे त्याला कोण रडे’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जे रोज घडते त्याची दखल सहसा कोणी घेत नाही. ही म्हण मला नव्याने आठवली ती एका खेळाचे नियम वाचताना. तो खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळावयाचा रोल-प्लेइंग गेम; मराठीत त्याला भूमिकाखेळ म्हणता येईल.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. इतर खेळाडू एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकावयाचे. पात्राचे गुण आणि कौशल्ये अंकांत लिहिलेली असतात व फाशाचे दान त्या अंकांशी ताडून यश की अपयश ते ठरते.

माझे पहिले पात्र होते एका सरायीत वीस वर्षे रांधलेला आचारी. आम्ही खेळत होतो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवरून. तीत पाककौशल्य बुद्धीच्या अंकावर तोलले जाते. माझ्या आचाऱ्याची बुद्धी १३. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा त्याहून कमी पडले तर यश. पहिल्याच मुक्कामी सूत्रधाराने मला भातासाठी फासा टाकावयास लावला. १७ पडले, भात करपला. दुसऱ्या रात्री १५ पडले, पुन्हा तेच. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. पण घरी जाताना मनात आले, ज्याचे आयुष्य चुलीपुढे गेले त्याचे शंभरातले पस्तीस भात करपावेत, हा कुठला न्याय?

मग मी नियम मुळातून वाचले. तेव्हा दोष नियमाचा नसून आमच्या वाचनाचा होता, हे ध्यानात आले. त्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की, जुजबी स्वयंपाक प्रत्येक पात्राला येतो. ज्याने हे कौशल्य घेतले तो तर निष्णातच. फासा टाकावयाचा तो एखाद्या थोर बल्लवाचार्याला शोभेल असे भोजन करावयाचे असेल तेव्हाच. रोजच्या भातासाठी नव्हे!

येथून माझे कुतूहल वाढले आणि निरनिराळ्या खेळांनी हा प्रश्न कसा सोडविला ते मी पाहू लागलो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात कौशल्यांची यादीच नव्हती. हा खेळ युद्धखेळांतून जन्मला होता. साहजिकच त्याचे लक्ष लढाई, जादू आणि खजिना यांकडे होते. चुलीबद्दल नियम मुके होते. १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळप्रवासाच्या खेळाने वेगळी वाट धरली. त्यात प्रवाशांच्या खाण्यापिण्याची व सोयीची काळजी घेणाऱ्या ‘स्ट्यूअर्ड’चे कौशल्य आहे. उच्च श्रेणीच्या दर आठ प्रवाशांमागे असा एक माणूस जहाजावर हवा. त्याने प्रत्येक जेवणाला फासे टाकावयाचे नाहीत. तो नसेल तर ते प्रवासी घेता येत नाहीत. त्याचे महत्त्व त्याच्या असण्यातच आहे.

स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘गर्प्स’ १९८६ सालचा. त्याच्या २००४ सालच्या चौथ्या आवृत्तीत, पाककला न शिकलेल्या सामान्य बुद्धीच्या माणसाला तीन फाशांवर मिळून ५ किंवा कमी आणावे लागतात. तीन फाशांची दाने २१६. त्यांतली अनुकूल केवळ १०. म्हणजे शंभरात पाचसुद्धा यशे नाहीत. हे शब्दशः धरले तर निम्मे जग उपाशी राहील. पण तेच पुस्तक असेही सांगते की, प्रकृती, पैसा, मैत्री, प्रतिष्ठा यांसारखे काही पणाला लागले असेल तरच फासे मागावेत.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक सुंदर युक्ती आहे. धोका नसेल आणि चित्त विचलित करणारे काही नसेल, तर फासा न टाकता १० पडले असे धरावे. मला हा नियम फार मार्मिक वाटतो. कारण सराव म्हणजे तरी काय? दैवाला द्यावयाचा वाटा हळूहळू कमी करीत जाणे. मिठाचा अंदाज ज्याच्या हातात बसला त्याला मापाची गरज उरत नाही.

तथापि फासा टाळला म्हणजे काम संपले असे नाही. फासा नाही आणि परिणामही नाही, अशी स्थिती झाली तर आचारी पुन्हा अदृश्य होतो. १९७४ चे मौन परत येते. या अडचणीवर २०१७ सालच्या ‘झॅनाथर्स गाइड टु एव्हरीथिंग’ या पुस्तकातील नियम मला सर्वांत समर्पक वाटतो. जवळ स्वयंपाकाची भांडी आणि पुरेशी शिधासामग्री असेल, तर हे काम जाणणारे पात्र छोट्या विश्रांतीत रुचकर जेवण करते आणि ते स्वतः व आणखी पाच जण यांची शक्ती थोडी अधिक भरून येते. फासा नाही, पण फळ आहे! आचाऱ्याने काय केले ते सोबत्यांच्या जखमांवरून कळते.

या साऱ्यातून मला एक गोष्ट उमगली. फासा कौशल्य मोजत नाही. तो प्रसंगातील अनिश्चितता मोजतो. म्हणून सूत्रधाराने फासा मागण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे काम या पात्राला खरोखरच फसण्यासारखे आहे काय? आणि फसले तर कथेत काही बदलणार आहे काय? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच फासा टाकावा. एरवी काम झाले असे धरावे, मात्र झाले याची नोंद घेण्यास विसरू नये.

आमच्या सूत्रधाराला मी तो नियम दाखविला. पुढच्या खेळात माझ्या आचाऱ्याने निमूटपणे नऊ मुक्काम रांधले. एकदाही फासा पडला नाही. दहाव्या दिवशी मात्र अनोळखी धान्य आणि ओले सरपण घेऊन शत्रूच्या सरदाराला मेजवानी देण्याचा प्रसंग आला, आणि तहाची बोलणी त्या जेवणावर अवलंबून होती. सूत्रधाराने फासा माझ्यापुढे सरकविला. या वेळी कोणी हसले नाही.