घराचा हप्ता आणि पैसे देणारा पाहुणा
तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. आज मात्र मध्यमवर्गीयांची खरी कसोटी वास्तुशांतीनंतर सुरू होते. घर बँकेकडे तारण असते आणि पंधरा-वीस वर्षे दरमहा हप्ता भरावयाचा असतो. अशा वेळी एक खोली एखाद्या विद्यार्थ्याला वा नोकरदाराला देऊन हप्त्याला हातभार लावण्याची रीत पुण्या-मुंबईत चांगलीच रुळली आहे. हिशेब, कायदा आणि माणुसकी या तीन अंगांनी तिचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हिशेब. समजा, २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १५,००० रुपये व्याजापोटी जातात. मुद्दल फिटते अवघे २,९९५ रुपये. आता खोलीच्या उत्पन्नातून जेवणखाण व विजेचा खर्च वजा जाता ४,००० रुपये उरले आणि ते दरमहा जादा भरले, तर ती सबंध रक्कम मुद्दलातून वजा होते. कर्ज २४० ऐवजी १५४ महिन्यांत फिटते आणि व्याजाचे सुमारे साडेनऊ लाख रुपये वाचतात. वर्षातून तीन महिने खोली रिकामी राहिली, तरी चौदा वर्षांत घर मोकळे होते.

तथापि येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कर्ज लवकर फेडण्यासाठी पाहुणा ठेवणे वेगळे आणि पाहुण्याच्या भरवशावर ऐपतीबाहेरचे कर्ज काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात खोली रिकामी पडली की हप्ताच थकतो. शिवाय ही रक्कम घरखर्चात मिसळून गेली, तर वरचा सारा हिशेब कागदावरच राहतो.

दुसरे अंग कायद्याचे. 'एकदा माणूस घरात शिरला की निघत नाही' ही धास्ती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालक स्वतः राहत असलेल्या घरातील 'पेइंग गेस्ट' मात्र त्यातून वगळले होते. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्यानुसार राहण्यासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदत संपताच परत मिळवता येते. करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. कर्जाच्या करारपत्रातील अटीही आधी वाचून घ्याव्यात.

तिसरे अंग मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मी स्वतः परगावाहून येऊन अशाच एका खोलीत राहते. खोली शोधताना भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव माझ्या अनेक मैत्रिणींनाही आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतील तरुणाला जात लपवून राहावे लागते. तो कथासंग्रह १९६३ चा. प्रश्न मात्र दारात तसाच उभा आहे. केवळ हिशेबाच्या दृष्टीनेही हे तोट्याचे आहे. आडनाव पाहून परतवलेल्या प्रत्येक माणसाबरोबर महिन्याचा हप्ताही परत जातो.

घरात राहणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहेच. स्वयंपाकघराची वेळ, पाण्याचा वापर, रात्री परतण्याची वेळ या गोष्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घेतल्या, तर पुढची धुसफूस टळते. घरमालकीणबाईंनी आपले एकांताचे सुख विकलेले असते, हे आपण विसरता कामा नये. आणि आपण महिन्याला मोजतो ती रक्कम उपकाराची नव्हे, हे त्यांनीही विसरू नये.

सारांश, ही रीत सोयीची आहे. पण जादा पैसा मुद्दलात, करार कागदावर आणि माणूस माणसासारखा, ही तिन्ही पथ्ये पाळली तरच. घर कर्जातून मोकळे करताना ते मनानेही थोडे मोकळे झाले, तर तो या व्यवहारातला खरा नफा म्हणावा लागेल.