थ्री-नॉट-थ्री घेण्यापूर्वी

ओहायोतल्या एखाद्या गन शोमध्ये मराठी माणूस ली-एनफिल्ड मांडलेल्या टेबलापाशी थबकला, तर नवल नाही. पोलिसाच्या खांद्यावरची हीच थ्री-नॉट-थ्री आपण लहानपणापासून पाहिलेली असते. लष्कराने निकालात काढलेल्या अशा रायफली मी इथे बरीच वर्षं जमवतो आहे. नव्याने या नादाला लागलेल्यांना माझं सांगणं एवढंच: संग्रहात ठेवण्याजोगी रायफल आणि उडवण्याजोगी रायफल, हे दोन वेगळे निवाडे आहेत. एकावरून दुसरा ठरवू नये.

रेंजवर माझ्या शेजारी एक ओळखीचे गृहस्थ नुकतीच घेतलेली, इशापूरच्या कारखान्यातली रायफल उडवत होते. नळी आतून लख्ख, लाकूड देखणं. काही गोळ्या झाल्या आणि काडतूस मधूनच तुटलं. बूड बाहेर आलं, उरलेलं नळकांडं चेंबरमध्ये अडकून बसलं. गरम वायू थेट तोंडावर आला. डोळे वाचले ते चष्म्यामुळे. मग पाहिलं, तर रिसिव्हरवरचा क्रमांक एक आणि बोल्टवरचा भलताच. कधीतरी गोदामात दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट हिच्यात बसवला गेला होता, आणि बोल्टच्या तोंडाशी काडतुसाला नको तितकी जागा मिळत होती. या जागेलाच हेडस्पेस म्हणतात.

म्हणून आधी रिसिव्हर, बोल्ट, नळी आणि नळीच्या तोंडाकडची धातूची टोपी यांवरचे क्रमांक ताडून पाहा. जुळले तर संग्राहकाच्या लेखी किंमत वाढते, पण सुरक्षिततेची हमी तेवढ्याने मिळत नाही. ती हवी तर गनस्मिथकडे जा. ‘गो’ गेजवर बोल्ट हलक्या हाताने बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये.

मग छाप वाचा. ‘डीपी’ म्हणजे केवळ कवायतीसाठी राखलेली रायफल; ती उडवायची नाही. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर ती बहुधा ग्रेनेड फेकण्यासाठी मजबूत केलेली. अशा रायफलीने जबर धक्के सोसलेले असतात. राणी व्हिक्टोरियाचं बोधचिन्ह मिरवणारी ली-एनफिल्डची ‘मार्क थ्री’ आवृत्ती कोणी दाखवली, तर नुसतं हसा. राणी १९०१ मध्ये वारली, मार्क थ्री आली १९०७ मध्ये. असला माल म्हणजे खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी केलेली नक्कल. नमुना म्हणून मौजेचा, पण त्याच्या पोलादाचा भरवसा कोणी द्यावा?

इशापूरची ‘टू-ए-वन’ दिसायला जुन्या एनफिल्डसारखीच. मात्र १९६२ च्या चीन युद्धानंतरची ही रायफल थ्री-नॉट-थ्रीच्या नव्हे, तर ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवलेली आहे. तिचं मॅगझिन अधिक चौकोनी असतं.

लाकडाला सँडपेपर लावू नका. त्याच्यावरचे छाप गेले की अर्धा इतिहास गेला. जुन्या काडतुसांची हौस असेल तर एक पथ्य पाळा. खडकीच्या कारखान्याचं ‘के एफ’ कोरलेलं काडतूस हाती आलं की आपल्याला भरून येतं. पण त्या काळच्या लष्करी काडतुसांच्या टोपीतलं रसायन नळीत क्षार सोडतं आणि तो ओल धरतो. तेलाने तो विरघळत नाही. त्याच दिवशी गरम पाणी ओता, नळी कोरडी करा, तेल त्यानंतर.

कायद्याचंही पाहा. भारतात थ्री-नॉट-थ्री बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडून बंदूक बाळगणंच गुन्हा ठरतो. आधी वकिलाला विचारा.

गनस्मिथने नकार दिला तरी रायफल आवडली असेल तर जरूर घ्या, पण शोभेच्या वस्तूच्या भावाने. आणि ‘उडवू नये’ अशी चिठ्ठी चापाच्या कडीला पक्की बांधून ठेवा. तुमच्यामागे ती ज्याच्या हाती जाईल, त्याला हे सांगायला तुम्ही नसाल.