वेल्डिंगवाला कसा निवडावा?

आमच्या घरी उसाची ट्रॉली आहे. तिच्या चेसीला गंज चढला. चेसी म्हणजे ट्रॉलीचा कणा. सारा भार तिच्यावर.

आम्ही एक स्वस्त वेल्डिंगवाला घरी बोलावला. त्याने गंजावरच लोखंडी पट्टी चिकटवली आणि लगेच काळा रंग फासला. काम छान दिसले. मास्तर असून आम्ही फसलो! पहिल्याच खेपेला पट्टी उखडली, ट्रॉली कलंडली. उसावर बसलेल्या बाया नुकत्याच उतरल्या होत्या, म्हणून वाचल्या.

मग दुसरा कारागीर आणला. भाव सांगण्याआधी त्याने हातोडी मागितली. चेसी ठोकत ठोकत पुढे गेला. चांगले लोखंड खणखणते. गंजाने खाल्लेले बद्द वाजते. तिथे तिथे त्याने खडूने खुणा केल्या. म्हणाला, "गुरुजी, गंजावर जोड धरत नाही. हे कापून नवं लोखंड घालावं लागेल. दोन दिवस लागतील."

पैसे जास्त पडले. पण त्याने आधी ट्रॅक्टर सोडवून लांब नेला. कडबा हलवायला लावला. वाळूची बादली जवळ ठेवली. पोरांना तर त्याने दटावलेच. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला, की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते.

लोखंड चकचकीत होईपर्यंत घासले, मगच रॉड लावला. जोड निवल्यावर वरचा पोपडा ठोकून काढला. "बघा," म्हणाला. आम्ही जोड नीट पाहिला. रंग त्यानंतर लावला.