‘वहिनी, तुम्ही काळजी करू नका’

फर्म माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर, वकीलपत्रावर सही माझी. पण आमचे वकीलसाहेब पहिल्या भेटीपासून बोलले ते माझ्या नवऱ्याशी. मी काही विचारलं की ‘वहिनी, तुम्ही काळजी करू नका’ आणि मान पुन्हा तिकडे. भोसरीतल्या आमच्या गाळ्याचे सगळे हिशेब, जीएसटीपासून कामगारांच्या पगारापर्यंत, मीच ठेवत आले. पण साहेबांना त्याचं काय!

धंदा का अडला ते सांगत बसत नाही. मोठ्या कंपन्यांना जॉबवर्क करून देऊन ज्यांनी पेमेंटची वाट पाहिली आहे, त्यांना ते ठाऊक आहे. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खातं थकून एनपीए झालं, सरफेसी कायद्याची १३(२) ची नोटीस आली. तारणात गाळा आणि राहतं घर, दोन्ही. एका सप्लायरने या वकिलांचं नाव दिलं, ‘दिवाळखोरीतले एक्स्पर्ट’ म्हणून. साहेबांनी कागद चाळलेसुद्धा नाहीत. ‘आयबीसीत अर्ज टाकतो. टाकला की मोरेटोरियम. बँक घराला हात लावत नाही, गॅरंटी माझी.’ ठरलेल्या फीशिवाय बँक जितकं सोडेल त्याचे दहा टक्के वेगळे द्यायचे, हेही त्याच बैठकीत सांगून टाकलं.

निकालावर टक्केवारी लावून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. हे मला खूप नंतर कळलं. तुम्हाला कुणी असा सौदा सुचवला, तर तिथंच उठा. आणि न्यायाधीश काय हुकूम देतील याची गॅरंटी देणाऱ्याकडे तर बसूच नका.

१३(२) ची नोटीस म्हणजे देणं फेडायला साठ दिवसांची मुदत. त्या मुदतीत कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो आणि बँकेला पंधरा दिवसांत तिचं उत्तर द्यावं लागतं. मी हरकतीचा मसुदा स्वतः तयार करून नेला होता. विम्याचा हप्ता खात्याला दोनदा नावे पडलेला होता, त्याची स्टेटमेंटमधली दोन्ही पानं पिन करून जोडली होती. साहेबांनी तो कागद बाजूला सरकवला. ‘उत्तर देऊन बँकेला सावध कशाला करायचं?’ नोटीस बँकेनेच पाठवलेली, आणि सावध व्हायची राहिली होती ती बँक! मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर हसले आणि नवऱ्याला म्हणाले, ‘वहिनी हुशार आहेत.’

मग सुरू झाल्या तारखा. दर थोड्या दिवसांनी व्हॉट्सॲपवर ‘तारीख पडली’, त्यापाठोपाठ ‘रजिस्ट्रीचा खर्च’, ‘टायपिंग’, ‘सीनियरची कॉन्फरन्स’. पैसे बहुतेक रोख मागत. मी शक्य तितके खात्यातूनच पाठवले आणि रोख दिले त्याची नोंद वहीत केली. घरचे म्हणत, मी फार संशयी आहे. आज त्याच नोंदी उपयोगी पडताहेत.

मधेच एका सकाळी बँकेचे लोक आले, दाराला ताब्याची नोटीस चिकटवली, तिचा फोटो काढला. पुढे तीच दोन वर्तमानपत्रांत छापून आली, नावासकट, फ्लॅट नंबरासकट. साहेबांना फोन केला तर म्हणे, ‘ते नुसतं सिंबॉलिक आहे.’ सिंबॉलिकच होतं, खोटं नव्हतं. पण डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, सरफेसीच्या कलम १७ खाली दाद मागायची ४५ दिवसांची मुदत त्या नोटिशीपासूनच मोजतात. हे त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी नवऱ्याला न विचारता मी फाइलच्या झेरॉक्स घेऊन शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या, ओळखीतल्या एका बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पहिली दोन पानं वाचली आणि विचारलं, ‘फर्म प्रोप्रायटरी की प्रायव्हेट लिमिटेड?’ मी म्हटलं, प्रोप्रायटरी. त्यांनी फाइल मिटली.

आयबीसी, म्हणजे नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ ची. त्यातला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. माझ्यासारख्या प्रोप्रायटरला तो दरवाजाच नाही. आमच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, मुंबई शहरात १९०९ चा. आणि १९२० च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाने नादार ठरवलं तरी ज्याच्याकडे तारण आहे त्या बँकेचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. म्हणजे ज्या घरासाठी आम्ही पैसे ओतत होतो, ते त्या रस्त्याने वाचणार नव्हतंच. बाईंनी संगणकावर आमच्या अर्जाचा डायरी नंबर टाकून पाहिलं. अर्ज ऑफिसच्या हरकतींमध्येच पडून होता. त्याला केस नंबर नव्हता. केस नंबर नाही म्हणजे खंडपीठापुढे तो गेलाच नव्हता, आणि तारीख पडायचा प्रश्नच नव्हता.

त्या खुर्चीत बसून मी व्हॉट्सॲप वर सरकवत गेले. ‘तारीख पडली’. ‘पुढची तारीख’. ‘बँकेने वेळ मागितला’. बाईंच्या ज्युनिअरने पाणी आणून दिलं. मला आठवत होती ती साहेबांची मान, दर वेळी नवऱ्याकडे वळणारी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून ‘फर्म कुणाची, कसली’ एवढं विचारलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

म्हणून वकिलाला पहिल्या भेटीत विचारा: माझ्या फर्मच्या प्रकाराला कोणता कायदा लागतो, अर्ज कुठं जाणार, तारण असलेल्या बँकेला त्या अर्जाने अडवता येतं का. वकिलाने तुम्हालाच दोन-चार प्रश्न विचारले तर चांगलं लक्षण. कंपनीच्या कर्जाला तुम्ही हमीदार असाल तर तुमची गोष्ट वेगळी; आयबीसीच्या कलम ९४ चा अर्ज तुम्हाला करता येतो. कुणी ‘मी इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल’ म्हणालं तर आयबीबीआय, म्हणजे नादारी आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर नाव शोधा, यादी तिथं आहे. अर्ज दाखल झाला की डायरी नंबर मागा, मग केस नंबर मागा, आणि पुढचं स्वतः बघा. फीचं लेखी घ्या. चार ठिकाणी चौकशी करा, घाई करू नका, हे सगळे सांगतात. पण १३(२) ची नोटीस हातात असताना घाई न करून कसं चालेल, ते कुणी सांगत नाही.

बायकांसाठी आणखी एक. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. मला हे कुणी सांगितलं नाही.

वकील बदलायचं ठरवलं तेव्हा साहेब प्रथमच थेट माझ्याशी बोलले. ‘उरलेली फी द्या, मग एनओसी आणि फाइल.’ फीसाठी अशिलाची फाइल अडवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना खटल्यात २००० सालीच सांगितलंय. बाईंनी लिहून दिलेलं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवल्यावर फाइल आली. माझा हरकतीचा मसुदा तेवढा त्यात नव्हता. त्याची प्रत माझ्याकडे होती. कलम १७ चा अर्ज मुदतीत गेला, आणि विम्याच्या हप्त्याचा मुद्दा त्यात पहिल्याच पानावर आहे.

ग्राहक आयोगात जायचं मनात होतं, पण वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही असा निकाल मे २०२४ मध्ये लागलाय. राहिला मार्ग ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ चा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. तक्रार दिली आहे. शिस्तपालन समितीकडे गेलेली तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही, तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तक्रारीचं पत्र पोचल्यावर साहेबांचा फोन आला होता, पुन्हा नवऱ्याच्याच मोबाइलवर, ‘वहिनींना जरा समजवा’ म्हणून. नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला आणि त्यांनी कट केला.